किंकाळीची फाईल

माझा चुलतभाऊ लॅपटॉपवर कुऱ्हाडीनं माणसं मारायचा गेम खेळायचा. कुऱ्हाड लागली की पुठ्ठ्यावर थाप मारल्यासारखं वाजायचं. "ताई, खरा आवाज टाक ना," असा त्याचा हट्ट. मी तेव्हा कॉलेजात होते आणि असले उद्योग मला जमत. गेमच्या फोल्डरमधली आवाजाची फाईल बाजूला काढायची, त्याच नावानं आपली ठेवायची.

म्हणून दसऱ्याच्या सुट्टीत मी सोनाळा गावच्या आमच्या शेतात गेले. त्याचे वडील, माझे काका, बाभळीचं खोड फोडत होते. मी मोबाईल रेकॉर्डिंगला लावून बांधावर ठेवला.

"काका, अजून एकडाव. जोरात."

"लाकूड फोडून राह्यलो ना वं, नाटक करून राह्यलो का?" ते हसले.

तेवढ्यात मक्यातून रानडुक्कर निघालं आणि सरळ त्यांच्यावर आलं. सुळा मांडीत घुसला. काका आडवे झाले. डुकरानं पुन्हा मुसंडी मारली. मांडी उघडी पडलेली मला दिसली. पडल्या पडल्याच त्यांनी कुऱ्हाड घातली. एक घाव पाठीत, दुसरा कानामागे, तिसऱ्यानं डोकं फुटलं. डुक्कर मेल्यावरही ते घाव घालतच राहिले. रक्त माझ्या ओढणीपर्यंत उडालं, तेव्हा कुठे मी भानावर आले आणि ती ओढणी त्यांच्या मांडीला आवळली.

टाके घालून काका घरी आले. भेटायला येईल त्याला सांगत, "म्या तोंडातून ब्र काढला नाही. डुक्करच बोंबलून राह्यलं होतं."

रेकॉर्डिंग शेवटपर्यंत चालू राहिलं होतं. मी ते कापलं. हाडात बसलेली कुऱ्हाड कुऱ्हाडीच्या जागी टाकली आणि डुकराची किंकाळी शत्रूच्या मरणाच्या जागी. तेव्हा मला काहीच वाटलं नाही. आज लाज वाटते.

भाऊ काकांच्या खाटेशेजारी बसून एकामागून एक माणसं फोडू लागला. प्रत्येक जण तसाच किंचाळून मरत होता. "एकच नंबर, ताई!"

"बंद कर ते," काका म्हणाले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "ते डुक्कर नोहे. मी व्हय."

मला पटेना. मी अख्खं रेकॉर्डिंग लावलं. ती किंकाळी संपते तिथंच मी कात्री लावली होती. त्याच्या पुढं, त्याच आवाजात, स्पष्ट ऐकू आलं, "माय वं... मेलो वं माय..."

भावानं लॅपटॉप मिटला. मग विचारलं, "बाबा, लय दुखलं होतं का?"

"हाव," काका म्हणाले. "लय."

मी त्यांच्यासमोरच मोबाईलमधलं रेकॉर्डिंग पुसलं, गेममध्ये जुने आवाज परत ठेवले. पण भावानं तो गेम पुन्हा उघडलेला मी पाहिला नाही.