कानडीत मोजलेले तीस

आमची इंजिनिअर्सची कंपनी तेव्हा उत्तरेकडच्या एका खिंडीत होती. हिवाळाभर लष्करी गाड्यांसाठी रस्ता उघडा ठेवायचा, हे काम. खाली बेस, वर खिंडीच्या तोंडाशी एक छोटी डिटॅचमेंट, म्हणजे वेगळी तुकडी, आणि मध्ये बर्फाचा घाट. मी कंपनीला अटॅच असलेला नर्सिंग असिस्टंट, हवालदार रशीद शेख, राहणार सोलापूर.

वरच्या डिटॅचमेंटवर डोझर चालवायचा नाईक मल्लिनाथ. दुधनीचा. पहिल्या हजेरीला त्यानं माझं गाव ऐकलं आणि परेड सुटताच समोर येऊन उभा राहिला.

"शेखभाई, सोलापुरात कुटं?"

"नव्या पेठेच्या मागं."

"मग आमची दिवाळीची कापडं तितनंच की!"

एवढ्यावर दोस्ती झाली. घरी त्याची बोली कानडी, कंपनीत हिंदी आणि माझ्याशी मराठी. बेसवर उतरला की तो रॉकेलच्या शेगडीजवळ बसायचा. त्याच्या आईनं पाठवलेल्या कडक भाकऱ्या आम्ही दोघं शेंगाचटणीशी मोडून खायचो. बाहेर बर्फ पडत असायचा आणि आमचं बोलणं मात्र दुधनीच्या बाजारातल्या तुरीच्या भावावर. फौजेतली पुष्कळ वर्षं मी विसरलो. त्या संध्याकाळी तेवढ्या नाही.

आठवड्यातून एकदा मी सगळ्यांना बेसिक लाइफ सपोर्ट शिकवायचो. डॉक्टर पोचेपर्यंत हातांनी माणूस जगवायचा, एवढाच त्याचा अर्थ. घशात घास अडकला तर काय करायचं, हृदय थांबलं तर छाती कशी दाबायची. पुतळा नव्हता. पिट्टू बॅगेत ब्लँकेटं कोंबून तिच्यावर सराव चालायचा.

"भाई, ह्ये बाचकं काय जित्तं हुतंय व्हय?" मल्लिनाथ विचारायचा. पण दाबायचा मन लावून. हात जड होता त्याचा. मला एकदाही "अजून जोरात" म्हणावं लागलं नाही.

त्या दिवशी सकाळपासून बर्फ पडत होता. घाट बंद. दुपारच्या जेवणाच्या वेळी वायरलेस खरखरला. वरचा ऑपरेटर ओरडत होता.

"बेस, मेडिकल को बुलाओ! बलबीर के गले में कुछ अटका है. ओव्हर."

लान्सनाईक बलबीर हिमाचलचा, मल्लिनाथचा जोडीदार. मी धावत सेटपाशी गेलो. कॅप्टनसाहेब आधीच तिथं होते. वर नर्सिंगवाला कोणीच नव्हता, आणि मी वर पोचणं शक्य नव्हतं.

"उसके पास कौन है?"

"नाईक मल्लिनाथ, साब."

कॅप्टनसाहेबांनी हॅण्डसेट माझ्या हातात दिला. "अपनी भाषा में बोलो, शेख. टाइम मत गँवाओ."

"मल्लू, खोकतोय का तो? आवाज निघतोय? ओव्हर."

"न्हाय. निस्ता गळा धरलाय. ओठ काळं पडाय लागलेत. ओव्हर."

"पुढं वाकव. पाठीत, दोन खांद्यांच्या मध्ये, तळव्यानं पाच रट्टे. ओव्हर."

खरखर. मग, "मारले. न्हाय निघालं."

"मागनं मिठी घाल. मूठ बेंबीच्या वर, बरगड्यांच्या खाली. आत आणि वर ओढ, झटक्यानं. पाचदा. ओव्हर."

आता खरखर जास्त वेळ चालली.

"भाई, ह्यो ढिला पडला. मान टाकली."

"श्वास?"

"न्हाय."

मी आवाज तसाच ठेवला. सेटवर आवाज बदलला की समोरचा घाबरतो.

"जमिनीवर उताणा निजव. गादीवर नको. दोन्ही हात छातीच्या मधोमध. बाचक्यावर दाबायचास तसं दाब. सेट चालू राहू दे. मोठ्यानं मोज. ओव्हर."

ऑपरेटरनं बटण दाबून धरलं आणि वरचं मोजणं बेसवर ऐकू येऊ लागलं.

"ओंदु, येरडु, मूरु, नाकु, ऐदु..."

कॅप्टनसाहेब माझ्याकडे बघू लागले. "ये क्या बोल रहा है?"

"गिन रहा है, साब. कानडी में."

माणूस घाबरला की आईच्या भाषेत मोजतो. पण त्याची लय बरोबर होती. ना घाई, ना ढिलाई. तीस झाले.

"तोंड उघडून बघ. दिसलं तर काढ. नसेल दिसत तर आंधळं बोट घालू नकोस, आणखी आत जाईल. ओव्हर."

"काय बी दिसत न्हाय."

"नाक दाबून तोंडानं दोन श्वास दे. मग परत दाब."

पुन्हा तीस. पुन्हा काही नाही. सेटभोवती आता कूक, क्लार्क, ड्रायव्हर, सगळे जमले होते. तिसऱ्या वेळी मोजणं मध्येच तुटलं.

"दिसलं! दिसलं की भाई! मटणाचा तुकडा हाय."

"चिमटीत धरून काढ. श्वास दे."

मग बराच वेळ नुसती खरखर. कॅप्टनसाहेबांनी टोपी काढून हातात घेतली.

"खोकला, भाई. खोकला! डोळं उघडलं!"

मी म्हणालो, "कुशीवर वळवून ठेव. आउट," आणि तिथंच खोक्यावर बसलो.

घाट उघडल्यावर मी वर गेलो. बलबीरची एक बरगडी मोडली होती. मल्लिनाथला सांगितलं तर म्हणाला, "मोडली तर मोडली. जित्ता हाय न्हवं?" बलबीरला हसू आलं, आणि हसताना दुखलं म्हणून त्यानं शिवी दिली.

तो हिवाळा संपता संपता मल्लिनाथच्या डोझरवर बर्फाचा कडा कोसळला. मी त्या दिवशी वरच होतो. खणून काढला तेव्हा त्याच्या अंगावर जखम नव्हती. बर्फावरच छाती दाबायला सुरुवात केली. मी दमलो की बलबीर, बलबीर दमला की मी. खालून डॉक्टर आले, गुडघ्यावर बसले, नाडी पाहिली.

"शेख, अब बस करो."

त्या वेळी बलबीर दाबत होता. तो थांबेना. मला त्याची मनगटं धरावी लागली.

आता मी निवृत्त आहे. नव्या पेठेतल्या दुकानदारांना हेच शिकवतो. त्यांनाही सांगतो, प्रत्येक वेळी माणूस परत येत नाही. तरी हात लावायचा.

गेल्या वर्षी बलबीर सोलापूरला आला. आम्ही दोघं दुधनीला गेलो. मल्लिनाथची आई, गंगव्वा, दारातच भेटली. मला ती ओळखते. बलबीरकडे बघून म्हणाली, "ह्यो कोण?"

मी सगळं सांगितलं. मल्लिनाथनं घरी यातलं काहीच कळवलं नव्हतं. तिनं उभ्यानं ऐकून घेतलं. मग पुढं होऊन बलबीरच्या छातीवर तळवा ठेवला.

"हितंच व्हय?"

बलबीरला भाषा कळली नाही, पण प्रश्न कळला. त्यानं मान हलवली. म्हणाला, "सर्दी में अब भी दुखता है, माँ." मी ते मराठीत सांगितलं.

"लई जोरात दाबलं की रं मगा," ती म्हणाली. मगा म्हणजे कानडीत लेक. "ल्हानपनापास्नं हात जडच त्येचा."

तिनं तळवा बराच वेळ काढला नाही. बलबीर हळूहळू, जपून श्वास घेत तसाच उभा राहिला.