राजन्नाभाऊची फोन

मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात किस्से जमा कराची गरजच नाई पडत. चार्जिंगच्या भोकात धूळ जाऊन बसते तसे ते आपोआप येऊन बसते, आपण फक्त पिन घालून बाहेर काढाचे! माझं दुकान चिमूरच्या बस स्टँडसमोर आहे, अन् बाजूलेच मनोजभाऊची चहाची टपरी. गिऱ्हाईक फोन माझ्याकडं देते अन् किस्सा मनोजभाऊकडं. संध्याकाळपर्यंत दोन्ही माझ्याच टेबलावर येते.

त्यातले तापलेल्या फोनचे किस्से तर इचारूच नका! आमच्या जिल्ह्यात मे महिन्यात माणूस तापते, खाट तापते, नळाचं पाणी तापते. मंग फोननंच काय घोडं मारलं? पण नाई! स्क्रीन बदलून दिली अन् फोन तापला का लोक म्हणते, "रोशन, तूनंच काहीतरी केलं!" या एका वाक्यापायी माझं ठरत आलेलं लगन मोडाले आलं होतं. गंमत नाई सांगून राह्यलो, खरंच! माय घरी रडून राह्यली होती. पण तिथपर्यंत आरामानं जाऊ. आधी बाकीचे ऐका.

*

आमच्या वार्डातल्या शांताबाईच्या फोनची स्क्रीन बदलून दिली. दुसऱ्याच दिवशी बाई दुकानात हजर. फोन ओल्या फडक्यात गुंडाळलेला अन् त्यातून पाणी टिपकून राह्यलं!

"बाई, हे काय केलं जी?"

"त्याले ताप आला न बापा! पट्ट्या ठेवल्या मी त्याच्यावर. आता उतरला पाहा."

उतरला म्हणजे? पार थंडच पडला होता गडी! मी म्हटलं, "बाई, पाणी गेलं आत. एक-दोन दिवस तांदळात ठेवा, पाणी ओढून घेईन."

काही दिवसांनी बाई आली ती रिकाम्या हातानं. इचारलं तर म्हणते, "घरचा तांदूळ सरला होता. म्हणून धान भरलेल्या कट्ट्यात खुपसून ठेवला."

"मंग?"

"मंग काय? पोरानं कट्टे गिरणीवर नेले न!"

मनोजभाऊनं चहाचं भांडं सोडलं अन् लगेच बाईचा नंबर लावला. रिंग गेली! अन् जराशानं गिरणीवाल्याचाच फोन आला मनोजभाऊले, आवाज असा घाबरलेला का बस्स. "मनोजभाऊ, इथी एक कट्टा गाणं म्हणून राह्यला! याले भरडू का नको भरडू?"

आम्ही दोघं पोट धरून बसलो. शांताबाई मात्र खूश. म्हणे, "गाणं म्हणते न? म्हणजे बरं वाटते त्याले!"

*

गेडामभाऊ वनरक्षक आहे. जंगलातच ड्युटी, पण वाघाचा एक धड फोटो नाई त्याच्याकडं. जंगलवाल्याकडं वाघाचा फोटो नसणं म्हणजे किती इज्जतीचा सवाल! साळ्यानं पार टोमणे मारून मारून जीव खाल्ला होता त्याचा. शेवटी माझ्याकडून नवी स्क्रीन टाकून घेतली, म्हणे आता सोडतच नाई.

अन् आला का वाघ समोर! दुपारची वेळ, वाटेच्या मधोमध बसला, पाय पसरून, तोंड गेडामभाऊकडं करून. फोटो काढाले याच्यापेक्षा चांगला वाघ कोणाले भेटन? गेडामभाऊनं हळूच फोन काढला, कॅमेरा लावला, तर स्क्रीनवर पाटी आली. फोन जास्त गरम झाला आहे, थंड होईपर्यंत कॅमेरा बंद!

"रोशन," गेडामभाऊ दुकानात येऊन टेबलावर हात आपटून सांगून राह्यला, "वाघ समोर, घाम मले फुटलेला, अन् गरमी कोणाले होऊन राह्यली? तुया फोनले!"

मी भीत भीत इचारलं, "मंग वाघ?"

"वाघाचं काय सांगू? तो बिचारा बसला होता ना बे! वाघानं वाट पाह्यली, फोननं नाई पाह्यली!"

त्या दिवसापासून मी सगळ्याईले एकच इलाज सांगतो. फोन तापला का कव्हर काढा अन् थोडा वेळ माठाच्या झाकणीवर ठेवून द्या. सावलीत, कोरड्या झाकणीवर. साधा इलाज आहे, पण याच इलाजानं पुढं माझा घात केला!

*

माजरीचा सुनील माझा जुना दोस्त. कोळशाच्या खदानीत कामाले आहे. त्यानंही माझ्याचकडून स्क्रीन बदलली. आठ दिवसांनी तोंड पाडून आला.

"रोशन, फोन बिघडला बे."

मी म्हटलं झालं, तापून राह्यला असन. हातात घेतला तर मस्त गार! चालू केला, फोन लावला, गाणं वाजवलं, सगळं बराबर.

"अबे, काय झालं याले?"

"हेच तर! गरमच नाई होत! आमच्या माजरीत जमीन तापते, हवा तापते, साहेब तापते. सगळ्याईचे फोन तापते, अन् माझाच एक थंड. काहीतरी गडबड केली तू!"

घ्या! तापला तरी रोशन, नाई तापला तरी रोशन!

*

आता माझी गोष्ट.

माझा मामा सिरोंच्याले नोकरीले आहे. त्यानं तिथली एक पोरगी सुचवली, स्वप्ना. वडील राजन्नाभाऊ, मिरचीची शेती. माणूस सोन्यासारखा, पण घरात सगळी तेलगू. मराठी बोलते, पण राजन्नाभाऊच्या मराठीत जगातली प्रत्येक गोष्ट बाई असते. बैल आली, बस आली, पाऊस आली!

मी अन् माय पोरगी पाहाले गेलो. सरकारी नोकरी नसलेल्या पोराले लोक कसे पाह्यते ते मले चांगलं माहीत होतं. चांगल्या चांगल्या सोयरिकी तिथंच अडल्या होत्या. पण स्वप्नानं चाय देताना सरळ इचारलं, आमच्यापेक्षाही साफ मराठीत, "तुम्ही काय काम करता?"

कसंबसं म्हटलं, "मोबाईल दुरुस्त करतो. त्याचे व्हिडिओ पण टाकतो."

ती हसली, बस्स! तेवढ्यावर मी पागल झालो. खोटं काऊन बोलू? परतीच्या बसमध्ये मायले म्हटलं, लगन करीन तर याच पोरीशी.

मंग राजन्नाभाऊ आमचं घर अन् दुकान पाहाले चिमूरले आले. खिशातून फोन काढला तर स्क्रीनचा पार चुरा! वरचं काहीच दिसत नव्हतं, किती तरी महिन्यांपासून नुसतं अंदाजानं फोन उचलत होते. मी म्हटलं, बसा जी! त्यांच्या डोळ्यासमोर नवी स्क्रीन टाकून दिली, चकाचक. चालू होताच राजन्नाभाऊ एवढे खूश झाले का मनोजभाऊच्या टपरीवरच्या सगळ्याईले फोन दाखवत फिरले. तापला तर माठावर ठेवा, हेही मी सांगून ठेवलं.

साक्षगंधाची तारीख काढाची तेवढी बाकी राह्यली होती.

अन् त्याच दिवसांत आणखी एक मजा झाली. माझे दुरुस्तीचे व्हिडिओ पाहणारे म्हणजे मी अन् मनोजभाऊ, तोही चहा उकळेपर्यंत. पण अचानक कोणीतरी सगळे व्हिडिओ पाहाले लागलं! जुने, नवे, एकच व्हिडिओ पुन्हा पुन्हा! मी तर हवेतच होतो. मनोजभाऊ म्हणे, "तूच पाहून राह्यला असशील झोपेत."

*

एका दुपारी मी घरी फोन इसरून दुकानात आलो. जरा वेळानं पाहतो तर माय भर उन्हात, डोक्यावर पदर घेऊन धावत येऊन राह्यली!

"रोशन! तू त्या पोरीले हात लावला काय रे?"

टपरीवरचे सगळे माझ्याकडं पाहाले लागले. माझ्या हातून स्क्रू ड्रायव्हरच पडला.

"कोण्या पोरीले वं माय?"

"स्वप्नाले! राजन्नाभाऊचा फोन आला होता. म्हणते, पहिले चांगली होती, तुमच्या पोरानं हात लावली तवापासून वेडी! मस्त वेडी म्हणते रे! दिवसभर वेडी! हातात धरता येत नाई म्हणते!"

"अन्?"

"अन् काय? रांजणावर ठेवली का जराशी शांत होते म्हणते! अव माय माय माय! लेकराले रांजणावर बसवून ठेवते रे तो!"

माय तिथंच बाकड्यावर बसून रडाले लागली. मले तर काहीच समजेना. पोरगी पाहाले गेलो तेव्हा मी तिच्या हातून चायचा कप घेतला होता, तेवढाच गुन्हा! मनोजभाऊ माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणते, "रोशन, कप घेताना बोट लागलं होतं काय बे?"

खरं सांगतो, मले वाटलं लागलं असन!

त्या दिवशी घरात चूल नाई पेटली. माय एकदा म्हणे पोरीवर उपचार करू, एकदा म्हणे सोयरीक मोडू, एकदा म्हणे बिचारीचं काय होईन? शेवटी मीच मामाले स्पीकरवर फोन लावला अन् सगळं सांगितलं. तिकडून आवाजच नाई. मले वाटलं मामालेही धक्का बसला. तर मामा हसून राह्यला होता, श्वास घेता येईना त्याले!

"अबे, तेलगूत वेडी म्हणजे गरम! मस्तु वेडी म्हणजे लय गरम! फोन तापून राह्यला त्याचा, फोन! त्याची फोन बी बाईच असते ना बे!"

मायनं डोळे पुसले, हसली, अन् मंग माझ्या पाठीत एक धपाटा घातला. कशापायी ते अजून सांगितलं नाई.

पण हसून झाल्यावर मामा म्हणे, "तू हसू नको. राजन्नाभाऊ खरंच रागावला आहे, मलेही बोलला. तो म्हणते, ज्या पोराची हात फोन तापवते, त्याची घर थंडी कशी राहीन? आधी माझी फोन, मंग तुमची लगन!"

*

झालं! मी स्क्रीन, बॅटरी, स्क्रू ड्रायव्हर, होतं नव्हतं सगळं सामान पिशवीत घातलं अन् मायले घेऊन सिरोंच्याची बस धरली. आलापल्ली गेली, जंगल सरता सरेना, अन् माझ्या मनात एकच. फोन थंड नाई झाला तर पोरगी गेली! माय शेजारी बसून पाठ करून राह्यली होती, "वेडी म्हणजे गरम, वेडी म्हणजे गरम."

राजन्नाभाऊच्या अंगणात मिरची वाळत घातलेली, लालच लाल. राजन्नाभाऊ लुंगीवर, खाटेवर बसून, तोंड गंभीर. "जय भीम जी," माय म्हणाली. "जय भीम अम्मा," ते म्हणाले, अन् घराकडं पाहून ओरडले, "स्वप्ना! फोन!"

आत कायतरी धडपड झाली. स्वप्ना घाईघाईनं बाहेर आली, फोन बापाच्या हातात दिला अन् तशीच आत पळाली. इअरफोनची वायर फोनलेच लटकून राह्यलेली.

"पाहा! घरात होती, सावलीत होती, तरी मस्तु वेडी!" राजन्नाभाऊनं फोन माझ्या हातात ठेवला.

खरंच, चटका बसत होता! चिमूरले असे कितीक फोन उघडले, पण एकाही फोनमागं माझी नवरी नव्हती उभी! स्क्रू ड्रायव्हर काढला, कोपऱ्यातल्या रांजणाकडं एकदा पाह्यलं, अन् आधी ती वायर उपसली.

"नमस्कार मंडळी!" फोन ओरडला. "मी रोशन, चिमूरहून! आज आपण पाहू, फुटलेली स्क्रीन कशी बदलाची!"

अख्ख्या अंगणात माझाच आवाज! मिरची खालीवर करणाऱ्या बाया थांबल्या. मी बंद कराले गेलो, तर बोट भलत्याच ठिकाणी लागलं अन् पुढचा व्हिडिओ सुरू झाला. "नमस्कार मंडळी! मी रोशन..."

"हा तर आपला रोशन!" माय म्हणाली.

राजन्नाभाऊनं फोनकडं पाह्यलं. मंग माझ्याकडं पाह्यलं. मंग दाराकडं पाह्यलं. दाराचा पडदा हलून राह्यला होता.

मी व्हिडिओ बंद केला, कव्हर काढलं अन् फोन नेऊन रांजणाच्या झाकणीवर ठेवला. पिशवीतलं सामान पिशवीतच राह्यलं. सगळे बसून त्या रांजणाकडं पाहून राह्यले.

जराशानं राजन्नाभाऊ उठले. फोन उचलला. गालाले लावला, इकडच्या, मंग तिकडच्या. अन् एकदम ओरडले, "चल्लगा! चल्लगा!"

मायचं तोंड उतरलं.

"चाल्ला गा? कोण चाल्ला?" तिनं माझा हात धरला. तिचे डोळे भरून आले. "मोडलं रे रोशन! जा म्हणून राह्यला हा माणूस आपल्याले. ऊठ, पिशवी घे!"

चल्लगा म्हणजे थंड झाली, हे समजवाले मी तोंड उघडलं, पण मायनं पिशवी उचललीही होती. तेवढ्यात स्वप्ना ट्रे घेऊन बाहेर आली. सरळ मायच्या समोर येऊन उभी राह्यली, एका हातानं पिशवी धरली अन् दुसऱ्या हातानं ट्रे पुढं केला.

"बसा न, आई. चाय घ्या. वेडी आहे."

मायनं चायकडं पाह्यलं. मंग तिच्याकडं पाह्यलं, वरून खालपर्यंत. अन् पिशवी खाली ठेवली.

"दे बाई," ती म्हणाली. "मले वेडीच पायजे."