अर्धी कापलेली स्प्रिंग

मागच्या जाळीच्या दाराची स्प्रिंग सैल पडली होती, डास आत येत होते. मी ती अर्धी कापून, तार जोडून पुन्हा बसवली. दार खाडकन लागू लागलं आणि मी खूश झालो.

आज शेजारच्या सुमनताईंनी कुंपणापलीकडून विचारलं, "काकू, हल्ली अंगणात येत नाही तुम्ही?"

"गुडघे गं," आई आतून म्हणाली.

मग तिने दोन्ही तळवे दारावर टेकून जोर लावला. दार वीतभर उघडलं आणि परत मिटलं.

ताण वाटून घ्यायला निम्मेच वेढे उरले की स्प्रिंग दुप्पट ताठ होते. माझ्या हाताला ते जाणवलंच नव्हतं.

मी स्प्रिंग काढून टाकली.

"अरे, डास येतील," आई म्हणाली. तोवर तिचं एक पाऊल उंबऱ्याबाहेर पडलं होतं.