सोळाव्या दिवशी कापलेले नाव

शुक्रवार, १२ नोव्हेंबर १९९९. सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटे झाली होती आणि मी दाढी करीत होतो. फोन भाईदासच्या पत्नीचा, सुशीलाबाईंचा होता, रुग्णालयासमोरच्या बूथवरून. "गुरुजी, ते गेले," त्या म्हणाल्या. मागे रस्त्यावर एखादा ट्रक वळत असावा. पुढचे शब्द त्यात बुडाले. मग ऐकू आले, "काल संध्याकाळपर्यंत विचारत होते... गुरुजींचा निरोप आला का, नाव लागलं का. मी काय सांगणार होते?" मी "येतो" एवढेच म्हणालो. अर्धी दाढी तशीच पुसली आणि निघालो.

भाईदास बोरसे गेला त्याला आता पाच आठवडे होतात. तो एक्कावन्न वर्षांचा होता, मी अडुसष्टचा आहे. ज्या यादीत नाव लागावे म्हणून तो शेवटचे तीन आठवडे तळमळला, ती यादी जमिनीवर कुठेही नसलेल्या एका देशाची होती, आणि तिच्यातून त्याचे नाव मी माझ्या हाताने कापले होते. हे आधीच लिहून टाकतो. पुढे वाचणाऱ्याला ते ठाऊक असलेले बरे.

मी सुरतेत, लिंबायतच्या पालिकेच्या मराठी शाळेत शिक्षक होतो. दर वर्षी मे महिन्यात आम्हा शिक्षकांना मतदारयादीच्या फेरतपासणीचे काम लागे. घरोघर जायचे, माणूस आहे की नाही ते पाहायचे, दोन वेळा कुलूप दिसले तर नावापुढे 'स्थलांतरित' असे लिहायचे. आता, मे महिना म्हणजे वैशाख. खानदेशी माणूस सुरतेत बारा-बारा तास माग चालवतो आणि लग्नसराईला बायकामुलांसह गावी जातो, दिवाळीतही तसेच. तेव्हा आमच्या गल्ल्या कुलपांनी भरलेल्या असत, आणि नेमक्या त्याच दिवसांत आम्ही माणसे मोजायला फिरत असू. यात काही चुकते आहे असे मला तेव्हा वाटले नाही. नियम होता, मी पाळला. शहाऐंशीच्या सुमारास एका जूनमध्ये एक काळा, उंच, हसऱ्या चेहऱ्याचा जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा कारागीर, शाळेत आला आणि वर्गाच्या दारातच उभा राहून त्याने विचारले, "गुरुजी, मी मेलो का?"

"मृत लिहिलेले नाही. स्थलांतरित लिहिले आहे."

"मंग चहा तरी पाजा. स्थलांतरित माणूस लांबून आलेला असतो."

वर्ग हसला. मी हसलो नाही. चहा मात्र पाजला, आणि फॉर्म भरून त्याचे नाव पुन्हा चढवले. तेव्हा ते चढवता आले. त्या दिवसापासून तो माझ्याकडे येत राहिला. मी निवृत्त झालो, पत्नी गेली, मुलगी लग्न होऊन नागपूरला गेली. त्याचे येणे थांबले नाही. माणसाला माझ्या घरात काय मिळत असेल ते मला कधी कळले नाही. मी फारसा बोलत नाही.

जॉबरकी करता करता तो जॅकार्डची कार्डे पाडू लागला. साडीवरची वेलबुट्टी मागाला कळावी म्हणून पुठ्ठ्यावर भोके पाडायची, ते काम. मग ते संगणकावर होऊ लागले, तेव्हा त्याने जुना का होईना, पण संगणक घेतला, आणि गेल्या वर्षी इंटरनेटची जोडणी. तिथे त्याला 'अक्षांश' सापडले. पुणे, नागपूर, कुवेत, न्यू जर्सी अशा ठिकाणच्या साठेक मराठी माणसांनी ई-मेलवर चालवलेले हे एक काल्पनिक प्रजासत्ताक. घटना होती, संसद होती, दर तीन महिन्यांनी निवडणूक होती. पत्रव्यवहार मराठीत, पण इंग्रजी लिपीत. मला तो पोरखेळ वाटला. भाईदासला वाटला नाही. दहावी नापास माणूस तो. तिथे डॉक्टर आणि इंजिनीयर त्याला 'माननीय सदस्य' म्हणत आणि त्याच्या मुद्द्याला मुद्द्याने उत्तर देत. "गुरुजी," तो मला म्हणाला, "आठे मला कोणी विचारत नही की तू मूळचा कुठला." आठे म्हणजे इथे. जिव्हाळ्याचे काही बोलायचे झाले की तो घरच्या अहिराणीत शिरे.

त्याच्या आग्रहाने मी नागरिक झालो. मंगळवारी आणि शनिवारी त्याच्या घरी जाऊन, त्याच्या संगणकावर, माझ्या स्वतःच्या पत्त्यावरून, एका बोटाने टंकीत असे. एकाच फोनवरून दोन नागरिक येतात म्हणून पुण्याच्या एका सदस्याने शंका काढली की बोरसे आणि गुरुजी ही एकच व्यक्ती आहे. भाईदासने उत्तर पाठवले, "गुरुजी मी असतो, तर वर्षातून एकदा तरी हसलो असतो." शंका मागे घेण्यात आली.

पण शंकेला कारण होते. त्याआधीच्या निवडणुकीत एकाने पाच खोटी नावे नोंदवून मते टाकली होती. नागरिक कोणाला म्हणावे, रहिवासी कोणाला, हे घटनेत स्पष्ट नव्हते. मतदारयादीचा अनुभव म्हणून मला नोंदणी अधिकारी नेमले आणि कलम चारचा मसुदा माझ्याकडे दिला. मी तो असा लिहिला: प्रत्येक नागरिकाने पंधरा दिवसांतून एकदा स्वतः 'हजर' असे कळवावे, न कळवल्यास सोळाव्या दिवशी त्याचा निवास संपेल आणि निवासाबरोबर नागरिकत्वही, पुन्हा यायचे असल्यास नव्याने अर्ज, आणि तीस दिवसांची प्रतीक्षा. खोटी माणसे नेमाने हजेरी लावत नाहीत, हा माझा तर्क होता. तो बरोबर निघाला. दोन महिन्यांत खोटी नावे गळाली.

भाईदासने या कलमाला विरोध केला. निवास आणि नागरिकत्व वेगळे ठेवा, एवढेच त्याचे म्हणणे. निवास येतो-जातो, नागरिकत्व मात्र माणसाने स्वतः लिहून दिल्याशिवाय जाऊ नये. त्याने संसदेत लिहिले की आमची अर्धी गल्ली वैशाखात गावी जाते, तेव्हा ती सुरतेची राहत नाही काय? आणि गावी गेल्यावर गाव म्हणते, सुरतवाले आले. मग आम्ही आहोत तरी कुठले? मी उत्तर लिहिले: "यादीने कारणे ऐकायची ठरवली तर ती यादी राहणार नाही." पुष्कळ सदस्यांना हे वाक्य आवडले. ठराव माझ्या बाजूने संमत झाला. आम्ही दोघांनी शेजारी शेजारी बसून, एकाच खोलीतून, एकमेकांविरुद्ध मते टाकली. मग सुशीलाबाईंनी खिचडी वाढली. "देवाच्या दारातही तुम्ही हजेरीपट घेऊन बसाल," तो जेवताना मला म्हणाला, आणि बायकोला, "ह्यांले पापड दे, कायदा जिंकला आज."

घटस्थापनेच्या दिवशी त्याला रुग्णालयात ठेवले. मूत्रपिंडे निकामी होत आली होती. त्याने वर्षभर घरात सांगितले नव्हते. त्याची शेवटची हजेरी त्याच्या आदल्या दिवशीची होती. दसऱ्यापर्यंत कोणाला त्या मुदतीचे भान नव्हते, मला होते. चौदाव्या दिवशी मी भेटायला गेलो. चेहरा सुजला होता, हाताला नळी होती. तो म्हणाला, "गुरुजी, उद्या शेवटचा दिवस. माझी हजेरी लावून टाका. पासवर्ड तुम्हाला माहीत आहे."

"दुसऱ्याने लावलेली हजेरी ही हजेरी नव्हे."

"मी सांगतोय ना तुम्हाला. माझ्या तोंडानं सांगतोय."

"कलमात 'स्वतः' असा शब्द आहे."

 तो अगदी हळू म्हणाला, "मी आठेच शे ना, गुरुजी... मंग गैरहजर कसा?"

नियमाप्रमाणे याला उत्तर होते. ते मनातच ठेवून मी घरी आलो.  सोळाव्या दिवशी, रविवारी सकाळी, मी त्याच्या घरी गेलो. सुशीलाबाई डबा घेऊन निघण्याच्या घाईत होत्या, तरी त्यांनी चहा ठेवला. त्याच्या खुर्चीवर बसून, त्याच्या संगणकावर, मी त्याचे नाव यादीतून काढले आणि संसदेला तसे कळवले. "काही काम निघालं का त्यांचं?" त्यांनी विचारले. मी म्हणालो, "यादीचे काम आहे." चहा प्यायलो आणि निघालो.

त्याला मी स्वतःच सांगितले. दुसऱ्याकडून कळणे योग्य नव्हते. तो चिडेल अशी माझी अपेक्षा होती. मी तशी तयारी करून गेलो होतो. तो म्हणाला, "बरं. मग नवा अर्ज लिहून घ्या." त्याने सांगितले, मी कागदावर लिहिले. नाव. वय. व्यवसाय: जॅकार्ड डिझाइन. निवास या रकान्याला तो थांबला. मी लिंबायतचा पत्ता लिहू लागलो, तर म्हणाला, "खोटं नका लिहू, तुम्हालाच चालणार नाही. खाट नंबर नऊ लिहा." मी खाट क्रमांक नऊ असे लिहिले. दुसऱ्या दिवशी अर्ज पाठवला. तीस दिवस मोजायला सुरुवात झाली.

तेव्हापासून तो दुसरे काही विचारत नसे. औषधाचे नाही, कामाचे नाही. मी खोलीत शिरलो की, "किती राहिले?" पंचवीस. बावीस. एकोणीस. मधे दोन दिवस त्याला शुद्ध नव्हती. शुद्धीवर आल्यावर त्याने ते दोन दिवस स्वतःच वजा केले आणि मला आकडा सांगितला. डॉक्टरांनी सुशीलाबाईंना बाजूला घेऊन दिवाळीपलीकडे धरू नका असे सांगितले होते. त्यांनी मला सांगितले, आणि पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "गुरुजी, ते तुमच्या हातातलं आहे म्हणतात. असलं तर द्या ना..." मी म्हणालो, संसदेच्या हातातले आहे. हे खरे होते. पण खरे सांगून मी तेथून पाय काढला, हेही खरे.

त्या दिवशी मी प्रतीक्षेची अट शिथिल करण्याचा तातडीचा ठराव मांडला. माझ्या आयुष्यात मी अपवाद मागितला तो हा एकच. गणसंख्या सातची होती. तीन मते आली. बाकीचे सदस्य दिवाळीसाठी आपापल्या गावी गेले होते. चौथे पत्र कुवेतहून आले, त्यात मत नव्हते. यादीने कारणे ऐकण्याबद्दलचे माझेच वाक्य होते, अवतरणचिन्हांत, आणि खाली आदरपूर्वक नमस्कार. मी दिवसातून दोनदा त्याच्या घरी जाऊन संगणकावर पाहत असे. भाऊबीजेलाही गेलो. पाचवे पत्र आले नाही.

शुक्रवारी त्याला तापीवर नेले. आमची सारी गल्ली गावी होती, दारांना कुलपे होती. खांदा द्यायला शेजारच्या कारखान्यातले तीन उडिया कारागीर आले, आणि ज्यांच्यासाठी तो नक्षी काढीत असे ते एक गुजराती व्यापारी. शेठ वाटेत मला म्हणाले, "माणस सारो हतो. तमारा सगा?" मी म्हणालो, नातलग नाही. मग थोडे चालल्यावर म्हणालो, हो. धुळ्याहून त्याचा थोरला भाऊ संध्याकाळच्या गाडीने यायचा होता. सुशीलाबाईंनी त्याची वाट पाहू दिली नाही, देह टिकण्यासारखा नव्हता. तापीवरून परतलो तेव्हा त्या घरी भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी मला विचारले, "लागलं का हो नाव?" मी "नाही" म्हणालो. त्यांनी मान हलवली. राग असता तर मी उभा राहिलो असतो. राग नव्हता.

मग मी आत जाऊन संगणक सुरू केला. नवे पत्र नव्हते. नोंदणी अधिकारी म्हणून यादी माझ्या ताब्यात होती. त्याचे नाव तिथल्या तिथे लिहिले असते तर यंत्राने मला अडवले नसते, आणि संसदेने विचारलेही नसते. मी बोट कळीवर ठेवून बराच वेळ बसलो. आता ते लिहून कोणाला दाखवायचे होते? त्याला हवे होते तेव्हा मी ते दिले नाही. लिहिले असते तर ते माझ्या समाधानासाठी झाले असते, आणि त्या समाधानावर माझा हक्क नव्हता. मी लिहिले नाही. ते योग्य केले की पुन्हा तेच केले, हे मला आजही ठरवता आलेले नाही.

कापलेल्या नावांची एक वेगळी यादी मी ठेवीत असे. ती उघडली. खोटी ठरलेली नावे सोडून, सोळाव्या दिवशी गळलेली आणखी अठरा माणसे तिच्यात होती. नाव, तारीख, कलम चार. यांतले कोण आजारी होते, कोणाची नोकरी गेली, कोणाचा फोन तोडला गेला, कोण नुसते कंटाळले, मी एकालाही विचारले नव्हते. प्रत्येकाला वेगळे पत्र लिहिले. मजकूर एकच: "आपण कोठे आहात? प्रकृती कशी आहे? उत्तरास मुदत नाही." एका बोटाने टंकायचे म्हणजे वेळ लागतो. अठरावे पत्र गेले तेव्हा सहा वाजून दहा मिनिटे झाली होती. संगणक बंद केला. धुळ्याची माणसे स्टेशनवर उतरून फोन करणार होती, म्हणून भिंतीतली वायर संगणकाची काढून टेलिफोनला लावली, आणि आवाज येतो की नाही ते रिसीव्हर कानाशी धरून पाहिले.