पिट्सबर्गचं कलम

बर्नाडेट हुडॅक उंचीने बेताची होती. विमानाच्या डाव्या, म्हणजे कॅप्टनच्या खुर्चीत बसली की ती आधी खुर्ची दोन खाचा पुढे ओढायची. तेवढा खटखट आवाज झाला की मला बरं वाटायचं. चार हिवाळे मी तिच्या शेजारी को-पायलट म्हणून उडलो. पंखांवरचा बर्फ उतरवायला नारिंगी पाण्याचा फवारा घेऊन गाडी येई, ती निघून जाईपर्यंत बर्नी एक शब्द बोलत नसे. मग काचेतून पंखाकडे बघून म्हणायची, "म्हातारी न्हाऊन आली. निघू या."

तिचे वडील मनहॉलच्या पोलाद कारखान्यात भट्टीवर होते. कारखाना बंद पडायच्या आदल्या वर्षी साहेबांनी कामगारांना गोळा करून सांगितलं होतं, नवी भट्टी येतेय. त्या भरवशावर वडिलांनी घराला नवं छप्पर घातलं. "छप्पर अजून गळत नाही," असं बर्नी सांगायची, आणि हसायची नाही.

आमची कंपनी लहान होती. शेपटीवर लाल पट्टा, सगळा कारभार पिट्सबर्गहून. सेंट लुईसच्या निळ्या पट्ट्याच्या मोठ्या कंपनीत ती विलीन झाली, त्या दिवशी हँगरमध्ये मंच बांधला होता. अर्धा लाल, अर्धा निळा केक कापला. अध्यक्षांनी छातीवर हात ठेवून सांगितलं की एकही बेस, म्हणजे वैमानिक जिथून कामाला निघतात ते ठाणं, बंद होणार नाही. आठ महिन्यांनी ऑल्बनीचा बेस बंद झाला. तिथल्या नव्वद वैमानिकांना एक ईमेल गेली, तिच्यात 'प्रवास' हा शब्द सहा वेळा होता आणि 'बंद' हा एकदाही नव्हता.

त्यानंतर पिट्सबर्गमध्ये कोणी कुणाचं ऐकेना. वरचे काही बोलले की आम्ही त्याच्या उलट धरून चालायचो. पण त्याहून वाईट एक गोष्ट झाली होती, ती बाहेरच्यांना कळत नाही. आमच्या धंद्यात माणूस म्हणजे एक आकडा. नोकरीला लागल्याच्या तारखेवरून तो आकडा पडतो; जितका लहान, तितका माणूस वर. कोणतं विमान, कोणतं शहर, नाताळ घरी की ढगात, सगळं त्याच्यावर ठरतं. दोन कंपन्या एक झाल्या की दोन याद्यांची एक यादी करावी लागते आणि कोणीतरी कुणाच्या तरी खाली जातो. त्यामुळे लाल निळ्यांना चोर म्हणत, निळे लालांना भिकारी. आमचा एक कॅप्टन घरी जायला म्हणून कॉकपिटमधली मोकळी खुर्ची मागायला गेला, तर निळ्या कॅप्टनने ती त्याला नाकारली. वादळात अडकलेल्या परक्या कंपनीच्या माणसालाही आम्ही ती खुर्ची नाकारत नाही.

अशा दिवसांत कंपनीशी नव्या कराराच्या वाटाघाटीला बर्नी आम्हा लालांच्या बाजूने बसली. निळ्यांकडून लॉइड मेबरी आला. उंच, लांब मानेचा, मिसुरीच्या शेतातला माणूस. टिपणं घ्यायला मी होतो.

"हा बगळा मला विकून खाईल," पहिल्या दिवशी बर्नी मला म्हणाली.

"मग काय करायचं?"

"तू सगळं लिहून ठेव. स्वल्पविरामसुद्धा."

ती एकाच गोष्टीवर अडून होती. पगारवाढ, रजा, हॉटेलं हे सगळं मान्य. पण पिट्सबर्गचा बेस कराराच्या मुदतीत बंद होणार नाही, हे कलम कागदावर हवं. तीनशे वैमानिक तिथे राहत होते. त्यांची घरं, शाळेतली पोरं, म्हातारे आईबाप सगळे त्या टेकड्यांवर. कलम नसतं तर तिघांपैकी दोघांना दर आठवड्याला दुसऱ्या शहरात जाऊन भाड्याच्या खोलीत आठ-आठ जणांनी आळीपाळीने झोपावं लागलं असतं. ऑल्बनीवाले तसेच जगत होते.

कंपनीचा उपाध्यक्ष कॅल्डरवुड प्रत्येक वेळी गोड आवाजात म्हणायचा, "हेतू तोच आहे, बर्नाडेट. पण हेतू कशाला लिहायचा?"

"माझ्या विमानात किती तेल भरलं ते लिहून देता ना? तेव्हा हेतू चालत नाही."

मार्च उजाडला. ईस्टरआधीचे, मांस न खाण्याचे उपवासाचे शुक्रवार चालू होते, गावातल्या चर्चच्या तळघरांत तळलेल्या माशांचा वास. आम्ही गणवेशात, टोप्या घालून, विमानतळाच्या दाराशी रांगेत मुक्याने उभे राहून निषेध करत होतो. आमच्यात घोषणा देत नाहीत. ओरडणाऱ्या वैमानिकाच्या विमानात कोण बसेल?

त्या शुक्रवारी दुपारी, विमानतळाजवळच्या हॉटेलात, मधल्या सुट्टीत कॅल्डरवुडने बर्नीला बाजूला बोलावलं. कॉरिडॉरच्या टोकाला बर्फाचं यंत्र घरघरत होतं, तिथे ते दोघं उभे राहिले. मी आमच्या खोलीच्या दारातून पाहिलं. तो हलक्या आवाजात बोलत होता, ती मान वर करून ऐकत होती. पाच मिनिटं झाली असतील.

इथे आमच्या कॉकपिटातली एक सवय सांगायला हवी. उडताना कधी कधी दोघांपैकी एकाला मुख्य रेडिओवरून कान काढावा लागतो. कंपनीशी बोलायचं असतं, नाहीतर प्रवाशांना हवामान सांगायचं असतं. तेवढा वेळ दुसरा एकटा ऐकतो. पहिला परतला की म्हणतो, "आलो." मग तो तिकडे काय ऐकलं ते सांगतो, आणि दुसरा इकडे काय बदललं ते. उंची, दिशा, वारा. काहीही गाळायचं नाही, क्षुल्लक वाटलं तरी. दोघांना वेगवेगळं माहीत असलेलं विमान डोंगराला लागतं. शत्रूशेजारी बसलं तरी हे चुकत नाही. ते हातापायांत भिनलेलं असतं.

बर्नी खोलीत आली. लॉइड खिडकीशी कागद चाळत होता. खिडकीबाहेर करडा बर्फ वितळत होता.

"आले," ती म्हणाली.

"बोल," लॉइड म्हणाला. मान वर न करता. दोघांनी ते शब्द ठरवून उच्चारले नव्हते.

ती टेबलाच्या कडेला हात टेकून उभी राहिली.  त्या क्षणी तिच्या मनात काय चाललं होतं ते तिने मला नंतर सांगितलं. कॅल्डरवुड म्हणाला होता, पिट्सबर्ग राहील, माझा शब्द आहे. तू फक्त कलमाचा हट्ट सोड आणि लॉइडला करारावर सही करू दे. आणि हे आपल्या दोघांतच. बाहेर गेलं तर मी असं काही बोललोच नाही, आणि मग पिट्सबर्गची जबाबदारी तुझी. गप्प राहिली असती तर तीनशे घरं कदाचित वाचली असती. बोलली तर हातातलं तेवढंही जाणार, तेही एका निळ्याच्या भरवशावर. निळ्यांना पिट्सबर्ग बंद झालेलं हवंच होतं, कारण तिथली उड्डाणं त्यांच्याकडे गेली असती.

"पिट्सबर्ग राहील असं तो म्हणाला," ती म्हणाली. "तोंडी. मोबदल्यात मी कलम सोडायचं. तुला सांगायचं नाही. सांगितलं तर शब्द परत." मग तिने त्याचं एकेक वाक्य जसंच्या तसं सांगितलं, टॉवरचा संदेश वाचून दाखवावा तसं. थांबली. "एवढंच. तुझ्याकडे काही बदललं?"

लॉइडने तोंड उघडलं. 'नाही' हा शब्द त्याच्या ओठांवर मला दिसला. मग ओठ मिटले. त्याने कागद टेबलावर ठेवले आणि त्यांच्या कडा जुळवत बसला.

"मंगळवारपासून बदललंय," तो म्हणाला.

"मंगळवार?"

"मला पार्किंगमध्ये गाठलं होतं त्याने. पिट्सबर्ग शरद ऋतूत बंद. सगळी उड्डाणं सेंट लुईसला. मी फक्त तुझ्या कलमाला पाठिंबा द्यायचा नाही."

"आणि चार दिवस तू माझ्या शेजारी बसून डोनट खातोयस!"

"मला वाटलं तुला ठाऊक आहे. तू काहीतरी आधीच पदरात पाडून घेतलंयस, असं आमच्यातले सगळे म्हणतात."

"आमच्यातले म्हणतात तू पाडून घेतलंयस."

"मग दोघंही मूर्ख."

"तू जास्त. तुझी मान लांब आहे, तुला पुढचं दिसायला हवं होतं."

लॉइड हसला. पहिल्यांदाच. मग गंभीर होऊन म्हणाला, "बर्नी, हे मी आत सांगितलं तर माझे लोक मला सोलतील. ती उड्डाणं त्यांना हवी आहेत."

"शरदात पिट्सबर्ग बंद करणारा माणूस पुढच्या शरदात सेंट लुईसचं काय करेल?"

 लॉइडने टोपी उचलली. "चल. आधी तू सांग, मग मी."

आत बैठकीच्या खोलीत कॅल्डरवुडसकट कंपनीचे पाच जण होते. बर्नी उभी राहिली नाही. बसूनच, सपाट आवाजात, बर्फाच्या यंत्राजवळचं सगळं बोलली. कॅल्डरवुड म्हणाला, हा गैरसमज आहे. मग लॉइडने पार्किंगमधलं सांगितलं, दिवस आणि वेळेसकट. कॅल्डरवुड म्हणाला, हाही गैरसमज आहे.

"एकाच माणसाचे दोन गैरसमज," बर्नी म्हणाली, "आणि दोन्ही कलम नसल्यामुळे."

कंपनीची वकील, पेटीबोन नावाची वयस्क बाई, इतके दिवस फक्त लिहीत असे. दोन्ही गोष्टी मी शब्दन्‌शब्द उतरवून घेतोय हे पाहून तिने पेनाला टोपण घातलं, चष्मा काढला आणि दहा मिनिटं मागितली. चाळीस मिनिटांनी ते परतले, तेव्हा कॅल्डरवुड नव्हता. बाईंनी स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं कलम आमच्यापुढे सरकवलं. सहा वर्षं पिट्सबर्गचा बेस राहील. तीनशे नव्हे, किमान अडीचशे वैमानिक. त्याआधी बंद करायचा झाला तर दोन्ही बाजूंच्या वैमानिकांचं मत घ्यावं लागेल.

बर्नीने ते दोनदा वाचलं. लॉइडने एकदा. "अडीचशे कमी आहेत," ती म्हणाली.

"कमी आहेत," बाई म्हणाल्या. "पण लिहिलेले आहेत."

बर्नीने सही केली.

नंतरचे अकरा दिवस त्या दोघांनी एकत्र बसून यादी जुळवली. खूप भांडली. लॉइडने बर्नीला हट्टी खेचर म्हटलं, तिने त्याला काय म्हटलं ते मी टिपणांत घेतलेलं नाही. दोन्ही बाजूंना सारखंच दुखेल अशी ती यादी निघाली. बर्नीचा आकडा दोनशे बारा होता, तो सहाशे चाळीस झाला. मोठ्या विमानाची डावी खुर्ची गेली, लहान विमानाची उरली. पुढची कितीतरी वर्षं नाताळ ढगातच.

चर्चच्या तळघरात, मासे आणि बटाट्याचं सारण भरलेल्या पिरोगी खाता खाता, आमचा एक जुना कॅप्टन तिला म्हणाला, "चारशे पायऱ्या खाली आलीस, बाई. काय मिळवलंस?"

"चारशे अठ्ठावीस," ती म्हणाली. "सरळ मोज. आणि तू उद्या कुठून उडणार आहेस?"

"इथूनच."

"मग मासा गार होतोय."

मतदानात करार मंजूर झाला, निम्म्याहून थोड्या जास्त मतांनी. तिसऱ्या वर्षी कंपनीने पिट्सबर्ग बंद करायचा प्रस्ताव पाठवला. या वेळी छातीवर हात ठेवायला कोणी आलं नाही; कलमाचा क्रमांक लिहिलेलं पत्र आलं आणि मतपत्रिका आल्या. लाल सगळे विरोधात जाणार हे ठरलेलंच होतं. लॉइड सेंट लुईसच्या कॅन्टीनमध्ये तीन दिवस एका टेबलाशी बसून राहिला, येईल त्या निळ्याला त्या मंगळवारची गोष्ट सांगत. निळ्यांतलेही बहुसंख्य विरोधात गेले.

निकाल पहाटे लागला. बर्नी तेव्हा हवामानाचे कागद वाचत होती. कोणीतरी फोन दाखवला. तिने आकडे पाहिले, मान हलवली आणि विचारलं, क्लीव्हलंडवर वारा किती आहे. त्या सकाळी पिट्सबर्गहून अकरा विमानं सुटली. तिसरं तिचं होतं.