सिग्नल पडला

भवानी पेठेतल्या आमच्या खोलीत एका जुन्या दाराच्या फळीवर मी छोटं रेल्वे स्टेशन उभारत होतो. रूळ तारेचे, फलाट पुठ्ठ्याचा. टेंभुर्णीचा माझा एक मित्र लाकडाचे हातभर ट्रक बनवायचा. आम्ही एकमेकांना कामाचे फोटो पोस्टाने पाठवायचो, कारण या नादाचं कौतुक दोघांच्याही घरी कुणाला नव्हतं. "फोटोत माणूस कुठाय?" असं स्टुडिओवालाही दर वेळी विचारायचा आणि माझं डोकं फिरायचं.

अखेर सिग्नल तयार झाला. दोरा ओढला की त्याचा हात खाली यायचा. तसाच फोटो काढून घेतला आणि मागे ऐटीत लिहिलं, 'सिग्नल पडला!'

रविवारी मित्र एसटीने येऊन दारात हजर. पिशवीत सरस, खिळे, पक्कड.

"दावा, कुटं मोडलाय?"

"काय मोडलंय?"

"सिग्नल! पडला म्हून तुमीच लिवलंय की!"

टेंभुर्णीला रेल्वे नाही, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी हसत म्हणालो, "अहो, सिग्नल पडला म्हणजे वाट मोकळी झाली. आता गाडी येणार."

त्याने दोरा ओढून पाहिला, सगळा फलाट न्याहाळला. "मग गाडी कुटं हाय?"

इंजिन आपल्याला जमणार नाही, असं मी केव्हाच ठरवून टाकलं होतं. तसं त्याला सांगितलं. ट्रकची चाकं घडवणारा तो माणूस, बाह्या सारत खाली बसला.

"सिग्नल पडलाय न्हवं? मग स्टो पेटवा, सरस तापवा की."