आबांना हाक मारायची राहिली

सुरतेत असं एकही वाहन नाही ज्यात मी बसलो नाही. गुजराती बोर्ड वाचता येत नाही, म्हणून निम्म्यांत चुकून बसलोय, ती गोष्ट वेगळी.

माझे वडील, आबा, गेले, आणि त्यांच्या अस्थी नंदुरबारकडच्या प्रकाशा तीर्थाला नेऊन तापीत सोडायचं काम माझ्या गळ्यात पडलं. आईने कलश माझ्या सॅकमध्ये घातला आणि बजावलं, "खाले ठेवाना नही. गाडी बदलनी का हाक मारानी. नही मारी तं जीव तठेच बसी राही."

घराजवळ, गोडादऱ्याला, शटल रिक्षात चढताना मी हळूच म्हणालो, "आबा, चला, रिक्षा आली." शेजारची बाई एकदम सरकली. मधे एका माणसाची जागा पडली, ती उधना येईपर्यंत कुणी घेतली नाही.

उधना स्टेशनात नेहमीची फजिती. नंदुरबारची गाडी कुठली, विचारलं तर जो तो वेगळीकडे बोट दाखवतो. पळत एका डब्यात घुसलो. बारडोली आली, खिडकीतून ऊस दिसायला लागला, तेव्हा जाणवलं, पाठीवर वजनच नाही. सॅक चाचपली. कलश होता. पण रिक्षातून उतरताना मी हाक मारलीच नव्हती. आबा मागच्या सीटवर तसेच बसून राहिले होते.

तिथेच उतरलो. आधी टेम्पो, मग खच्चून भरलेली बस, असा परत उधन्याला.

स्टँडवर रिक्षांची रांग, सगळ्या सारख्या. प्रत्येकीत डोकं घालून म्हणत सुटलो, "आबा, चला, गाडी बदलायचीय."

"दिन में ही चढ़ा ली क्या, काका?" एकजण ओरडला. बाकीचे खिदळले.

शेवटच्या रिक्षाच्या मागच्या सीटवर कुणीच नव्हतं. तरी आत वास होता, डाईंग मिलमधल्या रंगाचा, आबांच्या सदऱ्यातून कितीही धुतला तरी न जाणारा.

"किसको बुलाते हो?" ड्रायव्हरने विचारलं.

"बाप को."

तो हसला नाही. खाली उतरला आणि बाजूला उभा राहिला, कुणाला उतरायला वाट द्यावी तसा.

मी आईला फोन लावला. सगळं सांगितलं. म्हटलं, "आई, ते आले का नाही, मला कसं कळायचं?"

 आई म्हणाली, "तुना बाप आखा जलम अश्याच रिक्षामा बसीसन मिलमा गया. हाक नही मारी तरी तो कव्हयना प्रकाशाले पोचना व्हई. मांगे राहना तू."